इंजिन कोणाचं?

नालवाडीत माझ्या थोरल्या भावाचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. आपलं तेजस लढाऊ विमान भारी की पाकिस्तानचं जेएफ-१७, यावर आम्ही तिथं तावातावानं भांडायचो. मी रडार, वजन, वेग सांगत सुटायचो. दादा जळालेल्या मोटरची तार सोडवत म्हणायचा, "त्यायचं इंजिन रशियाचं, आपलं अमेरिकेचं. मंग देशी काय, निस्ता पत्रा?" अस्सा राग यायचा! नोकरीसाठी पुण्याला निघालो तेव्हाही म्हणाला, "आपलं इंजिन बसलं की मले फोन करजो."

दादाला जाऊन दोन वर्षं झाली. मी अजून रोज सकाळी विमानांच्या बातम्या वाचतो. तेजसमध्ये देशी इंजिन अजून बसलेलं नाही. खरं सांगतो, ते वाचून सुटल्यासारखं वाटतं. बसलं, तर फोन कोणाला करू?