जप्तीतला बांबू

मुर्री गावाच्या रस्त्यावर टोपल्या विणणारी एक वृद्ध बुरूडीण राहत असे. तिचे नाव मी कधी विचारले नाही. जंगलातून बांबू आणण्यावर निर्बंध आले, तेव्हा तिने फुटक्या मडक्यांत माती भरून बांबूचे दोन-दोन गाठींचे तुकडे आडवे पुरले. मधल्या पोकळीला पाडलेल्या छिद्रातून ती रोज पाणी ओतत असे आणि प्रत्येक कोंब चिमटीत धरून पाहत असे. ते कोंब टोपलीजोगे झाले, तोच वनखात्याच्या नाकेदाराने ती मडकी जप्त केली. उचलून नेणे जिवावर आले, म्हणून त्याने ती तिच्याच ताब्यात ठेवली. बांबू कापायचा नाही, वाळूही द्यायचा नाही, असा हुकूम!

“घरच्या मडक्यातल्या बांबूला परवाना कोणत्या कलमान्वये?” मी नाकेदारावर गरजलो.

“बाबूजी, मटका इसका, पर बांस तो जंगल का,” नाकेदार हसला.

मी वनखात्याकडे तक्रारींमागून तक्रारी पाठवल्या. पोच येई, निर्णय येत नसे. भर उन्हाळ्यात ती दूरच्या विहिरीवरून घागर आणताना दिसली आणि माझा संयम सुटला.

“बाई, पाणी घालणे बंद करा! माल सरकारचा आहे, सरकारच घालील.”

मडक्याशी वाकलेली ती कमरेवर हात ठेवत सावकाश सरळ झाली. “सरकारले कायची तहान लागून रायली, बाबूजी? तहान तं या कोंबायले लागते.”

शेवटच्या मडक्यात घागर रिकामी करून ती टोपल्यांसाठी वनखात्याच्या डेपोतून बांबू विकत आणायला निघाली. अंगणात तिचा स्वतःचा बांबू हिरवागार उभा होता.