सुतकात धुतलेलं दुपटं

एका सोमवारी माझी बायको गेली. सकाळी तिने कपडे भिजवले, दुपारी ती बसल्या जागी कलंडली, आणि दवाखान्यात पोचण्याआधी संपलं.

मला लिहायचं आहे ते मात्र दहाव्याच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी माझ्या घरात जी धुलाई झाली, तिचा राग अजून उतरलेला नाही.

आमचं घर पारनेरच्या बाहेर, सुप्याच्या रस्त्याला. पाणी बोअरचं, आणि इतकं जड की बादली वाळली की आतून पांढरा थर दिसतो. या पाण्यात फेस होत नाही. फेस होत नाही म्हणून लोक पावडर वाढवतात, ती पावडर मग कपड्यातून निघत नाही आणि टॉवेल पापडासारखे होतात. बायकोने हे कधी केलं नाही. नळाला गोडं पाणी येई त्या दिवशी ती पांढरे आणि लहान मुलांचे कपडे धुवायची. बाकीच्यांना बोअरचं पाणी, बेताची पावडर, आणि शेवटचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत खळबळणं. नवं रंगीत कापड आणलं की त्याचं टोक ओलं करून पांढऱ्या चिंधीवर घासून बघायची. चिंधी रंगली तर ते कापड वेगळं भिजायचं, सावलीत वाळायचं. मशिन गच्च भरलेली तिला खपायची नाही. "कपड्याला हलायला जागा ठेवा," म्हणायची, "बाजाराच्या दिवशीची एसटी करू नका."

लेकीला सातवा महिना होता. पोटुशी म्हणून तिला मातीला येऊ दिलं नव्हतं. तिच्या बाळासाठी बायको दुपटं शिवत होती. माझ्या वडिलांची धोतरं, वर्षानुवर्षं धुवून लोण्यासारखी झालेली, थरावर थर ठेवून. तीन बाजू शिवून झाल्या होत्या. मधोमध लावायला लाल खण आणला होता, पण त्याचा रंग सुटत होता, म्हणून जोडला नव्हता. दुपटं आणि खण एकाच पिशवीत कपाटात होते.

दहाव्याला पुरुष घाटावर गेले. घरी बायकांनी सुतक काढायला घेतलं. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं कापड भिजलं पाहिजे, अंथरुणापासून पडद्यांपर्यंत. मी परतलो तेव्हा अंगणात दोऱ्या वाकल्या होत्या. त्यातल्या एका दोरीवर गुलाबी डागांचं एक बोचकं लोंबत होतं.

माझी थोरली बहीण खर्ड्याकडची, कामाला वाघीण. तिला विचारलं, "अक्का, हे काय?"

"काय म्हंजे? दुपटं. पिशवीच्या पिशवी मशिनीत रिकामी केली. लई कापड हुतं, म्हणून चार मुठी पावडर जास्त टाकली."

"ते नवं होतं. कुणाच्या अंगालासुद्धा लागलं नव्हतं."

"सुतकाच्या घरात हुतं का न्हाई? मग भिजाय पायजे. आन् बाळाच्या अंगावर घालायचं, ते तर आदी."

चुलत वहिनी पायरीवर चिमटे गोळा करत होती. ती म्हणाली, "भावजी, तुमची पुस्तकं बी घरातच हुती. भिजवू का बादलीत?"

बायका हसल्या. मीही हसलो असतो, पण विचारलं, "खरंच, ती कशी सुटली?"

"गोमूत्र शिंपडलंय त्यांच्यावर," अक्का म्हणाली.

"आणि तुझी पैठणी? बॅगेत आणलीस ती?"

"तिच्यावर बी शिंपडलं. पैठनी कुनी मशिनीत घालतं व्हय?"

म्हणजे शिंपडून चालतं. पुस्तकांना चालतं, पैठणीला चालतं. जे खराब होऊ नये असं वाटतं, त्याच्यासाठी सवलत आधीपासून तयार आहे. माझ्या बायकोच्या हातचं त्यात बसलं नाही, कारण ती धोतराची फडकी होती, बाजारात त्यांना किंमत नव्हती. मी हे मोठ्याने बोललो. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "दुःखात हाय, बोलू द्या." माझं म्हणणं खोडून काढायची तसदीही कुणी घेतली नाही.

वहिनीने तेवढ्यात डाग काढायला दुपटं दोरीवरून ओढून उकळत्या सोड्याच्या पाण्यात टाकलं. ओला असताना रंग थोडा तरी निघाला असता. गार पाण्यात, पुन्हा पुन्हा पाणी बदलून. कढत पाण्याने तो पक्का बसला. मी "नको, नको" म्हणत पोचलो तेव्हा ती काठीने ढवळत होती. उघड्या बाजूने आतले थर सरकून एका कोपऱ्यात गोळा झाले होते.

माणूस गेल्यावर त्याचं घर स्वच्छ करावं, हे मला कळतं. पण ज्या बाईने या घरातलं एकेक कापड त्याच्या स्वभावाप्रमाणे धुतलं, तिच्या नावाने सगळं एका ढिगात कोंबून धुवायचं, आणि याला विधी म्हणायचं? मला त्याची चीड येते. आजही येते.

रात्री लेकीचा फोन आला. तिला आधीच कुणीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, टाकून देऊ नका. जसं असेल तसं पाठवा."

मी थर सरळ केले आणि चौथी बाजू शिवली. टाके वाकडे आले. खण फेकून दिला.

आता नात त्या दुपट्यावर झोपते. त्याला पांढरी बाजू नाही.