नात्याचा रकाना

इस्पितळात त्याला सगळे चाळणी म्हणायचे. तोंडावर साहेब, पाठ वळली की चाळणी. त्याला ते ठाऊक होतं, आणि वाईट वाटायचं सोडून त्याची कॉलर ताठ व्हायची. आता बोला! चाळणी म्हटल्यावर जो फुगतो, त्याच्यापुढे कोणी काय डोकं फोडायचं?

काम त्याचं डिरेक्टरी सर्व्हर सांभाळायचं. म्हणजे इस्पितळातल्या सोळाशे माणसांच्या नोंदी एका यंत्रात. नाव, खातं, फोन, जन्मतारीख, ज्याला त्याला आपापला रकाना. दाराला कार्ड टेकवा नाहीतर संगणकात पासवर्ड घाला, दोघंही आधी त्या सर्व्हरला विचारणार, हा माणूस आपला का? नोंद धड नसेल तर मोठा सर्जनसुद्धा दाराबाहेर उभा.

त्या रकान्यांत लोकांनी वर्षानुवर्षं वाट्टेल तो कचरा भरला होता, हे खरंच. फोनच्या जागी नुसते नऊ. जन्मतारखेत पुढचं वर्ष. एका भूलतज्ज्ञाने तर पदाच्या रकान्यात 'बघू' लिहिलं होतं. चाळणीचं डोकं सणकलं आणि त्याने सर्व्हरवर नियम बसवले. फोनमध्ये आकडेच, तेही मोजून दहा. 'अडचणीत कोणाला कळवायचं' तिथे स्वतःचाच नंबर चालणार नाही. आणि त्या माणसाशी नातं काय, तर यादीतलाच शब्द हवा: आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. यादीबाहेरचं काही लिहिलंत की सर्व्हर नोंद परत फेकणार. नियमांत खोट नव्हती हो, खोट माणसात होती.

परत आलेल्या नोंदी त्याच्यासमोर यायच्या त्या नुसत्या कर्मचारी क्रमांकाने. नावं त्याने मुद्दाम झाकली होती. 'नाव दिसलं की दया येते,' म्हणे. जशी काही दया याच्या घरी पाणी भरत होती! प्रत्येक नोंदीखाली एक ओळ लिहून पाठवायची सोय होती, आणि त्या ओळीवर हा गडी जगायचा. 'पहिलीतलं पोरही हे बरोबर भरेल.' 'आपण शाळेत गेला होतात की शाळेवरून?' लिहून झालं की खुर्चीत मागे रेलायचा आणि एकटाच खुदकन हसायचा.

तीन आठवड्यांत बोंबाबोंब झाली. अधीक्षकबाईंनी त्याला उभ्या उभ्या बोलावलं. "शुक्रवारी पाच वाजता एक जरी नोंद अडकलेली दिसली, तर तुमचे नियम काढून टाकणार. मला इस्पितळ चालवायचंय, शाळा नाही."

चाळणीच्या तोंडचं पाणी पळालं. उभ्या आयुष्यात मिरवावं असं त्याने एवढंच केलं होतं. मग काय, बसला निमूट. नाक मुठीत धरून मामा, मावशी, सासू यादीत घेतले. गुरुवारपर्यंत सगळा ढीग उपसला आणि उरली एकच नोंद. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं: जाऊ.

"जाऊ? कुठे जाऊ?" तो पडद्यावर खेकसला. 'नातं विचारलंय, परवानगी मागितलेली नाही. जायचं तर खुशाल जा,' असं लिहून नोंद परत पाठवली. तासाभरात पुन्हा तेच, जाऊ. 'नाम आणि क्रियापद यांतला फरक शेजाऱ्याला विचारा.' पुन्हा जाऊ!

तुम्हाआम्हाला कधीच कळलं. नवऱ्याच्या भावाची बायको ती जाऊ, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण या शहाण्याच्या घरात तो शब्द सहा वर्षं कोणी उच्चारला नव्हता. सख्ख्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका हातात पडली, तेव्हा याने भर पाहुण्यांत लाल पेन काढून तिच्यातल्या अकरा चुका मोजून दाखवल्या. थोरल्या भावाने पत्रिका हातातून काढून घेतली आणि दार दाखवलं. तेव्हापासून येणं-जाणं बंद, आणि नाती नावालाही उरली नाहीत.

संध्याकाळी जेवताना त्याने बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तीही त्याच इस्पितळात, औषध भांडारात होती.

"काय लिहिलंय म्हणालात?" तिने विचारलं.

"जाऊ! तीनदा! कसली कसली माणसं भरलीयत बघ."

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

त्याने मिटक्या मारत वाचून दाखवलं. ती "छान" म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! शुक्रवारी सकाळी त्याने त्या क्रमांकाला शेवटची ओळ धाडली: 'पावणेपाच वाजता संगणक खोलीत प्रत्यक्ष हजर राहा.' दिवसभर तो काय काय बोलायचं ते घोकत बसला.

पावणेपाचला दार उघडलं. बायको.

"तू इथे कशी? नंतर ये, आत्ता एक गाढव यायचंय."

"आलंय," ती म्हणाली आणि गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. क्रमांक तोच.

चाळणीने कार्ड पाहिलं, पडदा पाहिला, पुन्हा कार्ड पाहिलं. "म्हणजे... वहिनी?"

"माझी जाऊ."

"अगं, मग सरळ 'नवरा' लिहायचंस ना! यादीत आहे की."

"यादीत आहे. फोनवर नाही." ती बसली नाही. "मागच्या वर्षी भांडारात शिडीवरून पडले. उजवं मनगट मोडलं. सात वेळा तुम्हाला फोन केला, सातही वेळा तुम्ही कापलात. मग डाव्या हाताने निरोप लिहिला. 'पडले' लिहायचं तर 'पढले' झालं. आठवतंय काय उत्तर दिलंत? 'काय पढलीस?'"

त्याला आठवलं. प्लास्टर त्याने महिनाभर पाहिलं होतं, कोणी घातलं हे विचारलं नव्हतं.

"जाऊबाईंना एकदाच लावला. दोन बस बदलून आल्या, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते.

"करा हवं तर 'नवरा', तुमचाच सर्व्हर आहे," ती म्हणाली. "मी पुन्हा 'जाऊ' लिहीन."

त्याने यादी उघडली. सासूच्या खाली जाऊ लिहिलं. नोंद आत गेली आणि पडद्यावर आलं, अडकलेल्या नोंदी शून्य. नियम बचावले. अधीक्षकबाईंना कळवायला त्याने फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग स्वतःची नोंद उघडून बसला. अडचणीत कोणाला कळवायचं, नातं बायको, समोर दहा आकडे.

"माझ्या नोंदीत तुझाच नंबर आहे," तो म्हणाला.

ती दारापर्यंत पोचली होती. "ठाऊक आहे. राहू दे," ती म्हणाली. "मी उचलते फोन."