आधी जुन्या पोस्ट वाचा

डहाणू-तलासरी भागातल्या जुन्या व्हॅनवाल्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे आणि त्याचा अ‍ॅडमिन मी. हौसेनं झालो, आता भोगतोय. नवा माणूस येतो आणि थेट लिहितो, 'गाडी आवाज करते. अर्जंट.' अरे बाबा, कसला आवाज? 'कर्र.' कुठून? 'खालून.' पेट्रोल की गॅस? गप्प. चार जाणती माणसं कामधंदा सोडून त्याच्यामागे लागतात आणि तीन दिवसांनी त्याचं उत्तर येतं, 'झालं.' काय झालं? लग्न झालं का तुझं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

म्हणून मी नियम लिहून वरच चिकटवले. मॉडेल, वर्ष, किलोमीटर लिहा. अर्धवट सांगू नका. शेवटी काय निघालं ते कळवा. आणि सगळ्यात पहिला, ठळक अक्षरात: आधी जुन्या पोस्ट वाचा, मग विचारा. पण वाचतो कोण? कप्पाळ!

मग वरोरच्या एका बाईंनी प्रश्न टाकला. सगळं रीतसर, वर व्हॅनचा फोटो, मागच्या काचेवर होडीचं चित्र. चालता चालता लाइट जातात, गाडी बंद पडते. 'दादा, बाजाराच्या दिवशी तलासरीला वेळेवर पोचले नाही तर माझी बसायची जागा जाईल.' मी म्हटलं, बॅटरी बदला. बदलली. परत तेच. कुणी डायनॅमो सांगितला, तोही केला. परत तेच. गाडीत काय नेता, मी विचारलं. 'सामान,' एवढंच उत्तर. आणखी एकदा तीच रड आली तेव्हा माझं डोकं फिरलं. 'ताई, काहीतरी लपवताय तुम्ही. लोकांचा वेळ खाऊ नका,' असं सगळ्यांसमोर लिहिलं. ती ग्रुप सोडून गेली. सुटलो एकदाचा, म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात तलासरीला चाललो होतो, तर कैनाडजवळ रस्त्याच्या कडेला तीच व्हॅन उभी. मागचं दार उघडं, आत बोंबील-मांदेलीचे क्रेट, बर्फाचं पाणी टपटप गळतंय. बाई डोक्याला हात लावून बसलेली. मी कोण ते सांगितलं. तिनं तोंड फिरवलं.

मी तिच्या गाडीतली चटई उचलली. खाऱ्या पाण्यानं अर्थिंगची वायर पार खाल्लेली, हिरवी पडलेली. खरवडली, आवळली, गाडी एका झटक्यात चालू. पाच मिनिटांचं काम! मग मला राहवेना. "अहो, मासळी नेता हे एवढं लिहायला काय झालं होतं? पहिल्याच दिवशी सांगितलं असतं मी!"

"तुम्हीच लिहिलंय ना दादा, आधी जुन्या पोस्ट वाचा? वाचल्या मी. एकानं मासळीची गाडी विकायला काढली होती. खाली सगळ्यांनी नाकाला रुमाल लावलेत. फुकट दिली तरी नको म्हणे. तुम्ही पण लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. लाज वाटली मला, तिथल्या तिथे.

"निघा आता, बाजार गाठाल," मी कसंबसं म्हटलं.

"कसला बाजार?" तिनं एक बोंबील उचलला, तो बोटांतून ओघळला. "हा तिसरा बुडाला. माझ्या जागेवर दुसरी बसली, काल निरोप आला. तरी म्हटलं जाऊन बघू." आणि गाडी वळवून ती वरोरकडे गेली.

घरी येऊन ती जुनी पोस्ट उघडली. 'गाडीबरोबर मांजर फुकट का?' हे माझं वाक्य. खाली सगळे पोट धरून हसलेले. शेवटी काय निघालं ते कळवायचं असतं, म्हणून बाईंच्या प्रश्नाखाली 'अर्थिंगची वायर' असं लिहिलं. पण ते अर्धवट होतं, आणि अर्धवट सांगू नका हा नियमही माझाच. मग त्याच्याखाली मांजराचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, आणि त्यापायी वरोरच्या बाईची तलासरीतली जागा गेली, तेही लिहिलं.