काचेचा एकला सारस

सारसाची मान म्हणजे माझ्या जिवाला नुसता घोर. काचेची कांडी बर्नरच्या जाळात मऊ झाली की ती ओढायची, वाकवायची आणि नेमकं थांबायचं. जरा उशीर झाला की सारसाचा बगळा होतो. नागपूरच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं प्रयोगशाळेच्या नळ्या फुंकल्या, तेव्हा हात कधी चुकला नाही. तीन वर्षांपूर्वी गोंदियाजवळ आमच्या गावी, कामठ्याला परत येऊन धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात उतरणारे सारस काचेत करायला घेतले, तर त्याच हाताने असा दगा दिला की काय सांगू! एकदा गोंदियाच्या गॅसवाल्याने सिलिंडर ठेवता ठेवता विचारलं, "मॅडम, ये खिलौने बिकते भी हैं क्या?" डोकंच फिरलं माझं.

यंदा फोटो पाहून नागपूरच्या एका प्रदर्शनाने माझा सारस निवडला. अट अशी की एका कलाकाराची एकच वस्तू, आणि ती उद्घाटनाच्या दिवशी बाराच्या आत टेबलावर पाहिजे. तो तिथे उभा राहिला असता तर मी खेळणी बनवत नाही हे एकदाचं सगळ्यांना कळलं असतं. मला तेवढंच हवं होतं.

निघायच्या सकाळी खोक्यात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा अंथरला, मधोमध सारस बसवला, चारही बाजूंनी तणीस कोंबली आणि आंघोळीला गेले. बाहेर येते तर आईने खोकं सुतळीने बांधूनही टाकलेलं. उचललं तर जड लागलं. शिदोरी घातली असेल म्हटलं. तिची खोडच आहे ती. बसमध्ये खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

हॉलमध्ये सुतळी कापली, तर आत दोन सारस. दुसरा म्हणजे घरी फळीवर पडून असलेला, वाकड्या मानेचा, मीच नापास केलेला. आईने मधली तणीस काढून त्याला माझ्या सारसासमोर चोचीला चोच लावून बसवला होता. रस्ताभर दोघं एकमेकांवर आदळत आले. माझ्या सारसाची मान दोन ठिकाणी तुटलेली, आणि त्या वाकड्याला मेला साधा ओरखडा नाही!

"पुढच्या वर्षी बघू," म्हणत तिथल्या बाईंनी टेबलावरची माझ्या नावाची पाटी उचलली. मी तिथूनच आईला फोन लावला.

"आई, दुसरा काऊन टाकला खोक्यात?"

"मंग तो एकलाच कसा जाईन? बांधीत कधी एकला सारस पाह्यला का तू?"

"काचेचा आहे आई तो!"

"मालूम आहे मले. पन एकला दिसला का लोकायले वाटते, याचा जोडीदार मेला."

मी फोन कापला आणि जिन्यात बसून रडले. घरी आल्यावर आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही. ती मात्र निवांत, जसं काही झालंच नाही. नवव्या दिवशी मी बर्नर पेटवला, तर दारात येऊन म्हणते, "या टायमाले दोन बनव."

"दोन चालत नाहीत त्यांना. एकच वस्तू पाहिजे."

"दोघायच्या पायाखाली एकच बूड ठेव. मंग एकच झाली ना वस्तू?"

"अगं, माझ्या भट्टीत एकच मावतो! बनवल्यावर त्यात हळूहळू थंड करावा लागतो, नाहीतर तडकतो."

"मंग भट्टी मोठी कर. मी कायले सांगून राहिली तुले?"

एवढं बोलून ती धान उन्हात घालायला निघून गेली. मी जाळ बंद केला. तीन वर्षं मी जोडीदार मेलेले सारस बनवत होते, आणि घरात हे आईला दिसत होतं, मला नाही. याचा मला जेवढा राग आला, तेवढा त्या दिवशी फुटलेल्या काचेचाही आला नव्हता.