चार बोटं खाली

माझे थोरले साडू मोटारीत जितका वेळ बसले असतील, त्याच्या दसपट वेळ ते मोटारीखाली निजलेले आहेत, हे मी कुठल्याही देवळात उभं राहून सांगायला तयार आहे. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. फौजेत गाड्या दुरुस्त करता करता ते सुभेदार झाले आणि एकाहत्तरची लढाई आटोपल्यावर साताऱ्याला घरी परतले. पाहुणा आला की लोक त्याच्या तोंडाकडं बघतात, दाजी त्याच्या गाडीच्या पोटाकडं. एका लग्नात नवरदेवाची मोटार मांडवाच्या दारात थांबली आणि हे गृहस्थ मुठीतल्या अक्षता खिशात टाकून तिच्याखाली शिरले! वाजंत्री थांबली, भटजी घड्याळ बघायला लागले, आणि खालून आवाज आला, "मागचा पाटा मोडलाय हिचा. जाताना नवरीला म्होरं बसवा!" चाकांवर गाडीचा भार तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना पाटे म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. नवरीला पुढंच बसवलं, हे सांगायला नको.

दुसरी खोड म्हणजे वजन. माणसाचं नाव विचारायच्या आधी ते त्याचं वजन विचारत. मी दिसलो की डोळे बारीक करून म्हणत, "पावनं, दोन शेर वाढलासा." आमच्या सौभाग्यवतीलाही एकदा त्यांनी असंच काहीतरी सांगितलं, पुढं महिनाभर ती त्यांच्या घरी जेवली नाही. मोजायला त्यांना पट्टी लागत नसे. बोट आणि वीत, झालं काम. ती मापं इतकी नेमकी, की सुतारसुद्धा त्यांच्याशी हुज्जत घालत नसे.

एवढ्या मापाच्या माणसाला घरात मात्र एक माप जमेना. त्यांच्या आईचे गुडघे धरले होते. पाऊल जमिनीपासून एक वीत उचले, त्याच्या वर नाही. तिकडं सांगलीपलीकडं कृष्णाकाठच्या गावात त्यांची थोरली बहीण, म्हणजे दाजींची मावशी, खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली. सहा वर्षं दोघींची गाठ नव्हती. "डोळं मिटायच्या आत येकदा भेटून जा," असं मावशीनं पत्रात लिहवून पाठवलं होतं. दाजींनी तेवढ्यासाठी एका वकिलाची जुनी, उंच मोटार विकत घेतली. आणि तिचा तळ निघाला जमिनीपासून एक वीत चार बोटं!

"मग पायाखाली पाट ठेवा की," मी म्हणालो. मला वाटलं, फार अक्कल पाजळली.

"पाटाचं नाव काढू नका," आई आतून कडाडल्या. "एस्टीत चढताना पाटावरनंच पडले न्हवं का मी!" उचलून बसवायचं म्हटलं, तर म्हणाल्या, "मला उचलायचं ते चौघांनी, आन् ते बी येकदाच." विषय संपला. आई पाटावर चढत नव्हत्या, उचलू देत नव्हत्या. तेव्हा मोटारच चार बोटं खाली आणायची, असं दाजींनी ठरवलं.

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. दाजींनी प्रत्येक चाकाच्या पाट्यांतल्या दोन-दोन पट्ट्या काढल्या आणि मोटार खरोखरच बसली. मग मागं आईंच्या वजनाइतक्या तीन गुळाच्या ढेपा, पुढं मी, अशी आम्ही पोवई नाक्याकडं चाचणी काढली. पहिल्याच खड्ड्यात खालून खर्रर्र असा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. टायर मडगार्डला घासत होते. "पट्ट्या काढल्या की गाडी खाली येती, पर नरम पडती," दाजी म्हणाले. त्यांना वाईट वाटायच्या ऐवजी भलताच आनंद झालेला दिसला. नवीन कोडं मिळालं ना!

पट्ट्या परत चढल्या. मग लोहाराकडून लोखंडी ठोकळे घडवून आणले आणि पाटा व चाकांचा आस यांच्यामध्ये घातले. गाडी चार बोटं खाली आली, जोरही राहिला. पण चाक उसळलं की मडगार्डची आत वळलेली कड टायरला कातरायची. दाजी तीन दिवस त्या कडेकडं बघत उकिडवे बसले होते. चौथ्या दिवशी घरातलं मुसळ नाहीसं झालं. बघतो तर ते टायर आणि मडगार्डच्या मध्ये आडवं खुपसलेलं, दाजी ते दोन्ही हातांनी धरून बसलेले, आणि मी मोटार इंच इंच ढकलायची! लाटण्यानं पोळी लाटावी तशी ती कड वर दबत गेली. मेहुणीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आवं, हळदीच्या कार्याचं मुसळ ते!" दाजी म्हणाले, "मग? हितं बी कार्यच चाललंय." शेवटी ट्रकच्या जुन्या टायरचे रबरी ठोकळे कापून त्यांनी असे बसवले, की चाक मडगार्डला टेकायच्या आतच आस ठोकळ्यावर थांबावा. मग पुन्हा ढेपा, पुन्हा मी. कधी वाईच्या रस्त्याला, कधी कराडला. "अजून अर्धं बोट शंका हाय," असं म्हणत म्हणत चार महिने गेले.

निघालो तेव्हा आईंनी पाऊल उचललं, आत ठेवलं आणि त्या बसल्या. कुणाचा हात नाही, काही नाही. कराड गेलं, पेठ नाका गेला, टायर एकदाही घासला नाही. दाजी खुशीत शीळ घालत होते. आणि मावशीच्या दारात गाडी थांबली तशी ती शीळ बंद पडली.

नदीकाठचं गाव. पुराच्या भीतीनं तिथली सगळी घरं उंच जोत्यांवर बांधलेली. मावशीच्या दाराला सात दगडी पायऱ्या होत्या, एकेक चांगली दीड वीत! लहानपणी दाजी त्या पायऱ्यांवरूनच हुंदडले होते; पण पळत चढणाऱ्याला पायरीची उंची कुठली कळायला? सगळ्या जगाची मापं घेणाऱ्या या माणसानं मावशीच्या पायऱ्या मोजल्याच नव्हत्या. दाजींचा चेहरा मला बघवेना.

आई गाडीतूनच वर बघत राहिल्या. "आक्का, म्या आलीया गं!" एवढंच म्हणाल्या.

आतून खणखणीत आवाज आला, "आलीयास तर बस तितंच! म्या येती. मला उचला रं पोरांनो, मला न्हाई लाज!"

चार पुतण्यांनी बाज उचलली आणि सात पायऱ्या उतरून मोटारीच्या उघड्या दाराशी टेकवली. काय सांगू, बाज आणि मोटारीची बैठक अगदी एका पातळीत आली! दोघी बहिणी समोरासमोर, डोळ्याला डोळा. मावशीनं आईंच्या तोंडावरून हात फिरवला, "किती वाळलीस गं." आई रडल्या, मावशी रडली, आणि पाव तासात माहेरच्या कुठल्याशा म्हशीवरून दोघींचं भांडणही जुंपलं. सांज होईपर्यंत एक मोटारीतून उतरली नाही, दुसरी बाजेवरून. आम्ही त्यांना चहा तिथंच दिला. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

महिन्याभरात मावशी गेल्याचं पत्र आलं. आई म्हणाल्या, "भेट झाली, लय झालं," आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. मी त्यांच्या खोलीतून बाहेर आलो तर दाजी ओट्यावर बसलेले. मी म्हणालो, "दाजी, तुमच्यामुळं भेट झाली हो."

त्यांनी मान हलवली. "दोन महिन्यांतच झाली व्हती गाडी, पावनं. मीच उगं अर्ध्या बोटासाठी थांबलो. तवाच निघालो असतो, तर अजून दोनदा गेलो असतो."

मी त्यांच्याशेजारी दिवेलागणीपर्यंत बसून राहिलो.