हजीऱ्याचे निवटे आणि माझी बादली

सासूबाई गेल्या तेव्हापासून मामंजी, म्हणजे बायकोचे वडील, आमच्याकडं बमरोलीत आहेत. घराबाहेर पडत नाहीत. अर्धी भाकर वाढली तर तीही ताटात उरते. परवा स्वतःहून तोंड उघडलं, "जवाई, जित्ता मासा भेटी का?" रविवारी बायकोला घेऊन गाडी काढलीच.

पाल गावावरून हजीरा रोड धरा. सकाळीच निघा, नंतर ट्रेलर पुढं सरकू देत नाहीत. वाटेत लोचो खाऊन घ्या, खाडीवर चहासुद्धा मिळत नाही. आणि ओहोटी बघून जा, भरतीत नुसतं पाणी दिसतं.

खाडीवर पोचलो आणि जागीच थिजलो. चिखलावर मासे चालत होते! पुढचे पर टेकत, रांगत्या पोरासारखे. डोळे बेडकागत डोक्यावर. एकानं दुसऱ्याला बघून पाठीवरचा पर फाडकन उभारला न् उडीच मारली. एक तर तिवराच्या मुळावर चढून ऊन खात होता. हे निवटे. इथं लेवटा म्हणतात.

"अहो, मासे आहेत का सरडे?" ज्योती, आमची बायको, माझ्या मागं लपली.

एक मावशी फळीवर गुडघा टेकून चिखलातून घसरत आली. बिळात खांद्यापर्यंत हात घालून पकडलेले निवटे तिनं माझ्या बादलीत टाकले. "शेठ, पाणी नहीं नाखता हं! भीनो कोथळो ओढाडजो."

पाणी नको, वर ओलं गोणपाट टाका म्हणे. लूमच्या धंद्यात मी विकणाऱ्याचं कधी ऐकलं नाही. माशाला पाणी नको? वाटेतल्या नळाचा पाइप ओढून गाडीतच बादली काठोकाठ भरली, झाकण घट्ट दाबलं.

घरी उघडली तर सगळे मेलेले. ओल्या अंगानं हवा घेणारा हा जीव, कोंडलेल्या पाण्यात गुदमरतो, हे मागाहून कळलं.

मामंजी वाकून बघत राहिले. "मासा पानीमा बुडीसन मरना? हाई फक्त तुमलेच जमनं, जवाई!"

तेवढ्यात गाडीतून ज्योती किंचाळली. बादली भरताना उसळलेला एक निवटा मागच्या ओल्या पायपुसण्यावर डोळे वटारून बसलेला!

मामंजींनी तो ओल्या फडक्यावर समोर ठेवला आणि जेवायला बसले. तो डोळे आत ओढायचा, परत बाहेर काढायचा. हे घास घ्यायचे, त्याच्याकडं बघायचे. बघता बघता अख्खी भाकर संपली.

"याले कापू नका. चाला, सोडी येऊत. मले बी ते चालनारा मासा देखना शेतस."

आणि उठून चपला शोधायला लागले. दिवसभरात एवढं पाहिलं, पण खरा धक्का मला तिथं बसला.